बत्तीबाबू आणि वाकडा उजेड

३ मार्च १९४७, सोमवार. दवाखान्यातले सातही कंदील आज एकदम पुसायला काढले. राखेनं काचा घासल्या, धुतल्या, उन्हात ठेवल्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक कोरडी करायला बसले. मदतीला नवी नर्स होती. ती काचेत फडकं घालून गरागरा फिरवत होती. मी म्हटलं, "गोल नको. वरून खाली."

"काऊन बाई? गोल लवकर होते."

खरं उत्तर मला माहीत होतं, पण सरकारी नोकरीतल्या बाईला ते शोभलं नसतं. खरं उत्तर असं की काच गोल पुसली की उजेडाला चक्कर येते. हे मत बत्तीबाबूंचं. मी त्यांच्या घरात नऊ वर्षं भाड्यानं राहिले, आणि त्या नऊ वर्षांत माझ्या हातांना जे वळण लागलं ते जात नाही.

बत्तीबाबू गोंदिया स्टेशनाच्या बत्तीखान्यात होते. सिग्नलच्या दिव्यांत तेल भरणं, वाती कापणं, लाल-हिरव्या काचा आणि पुढची जाड भिंगं पुसणं हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी एकदा उच्चारलं जात असावं, एरवी कोणी घेतलं नाही. मूळचे कुठले, तेही कळलं नाही. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरत आणि रागावले की परत मराठीत येत. उंच, हडकुळे, डाव्या भुवईचे केस दिव्यानं जळालेले. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. मीही एकटीच होते. त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही. नागपूरहून सुईणपणाचं शिक्षण घेऊन आले होते आणि मला स्टेशनाजवळ खोली हवी होती, एवढंच.

खोली दाखवताना त्यांनी भाडं नंतर सांगितलं, आधी नियम सांगितला. "इस घर में कोई 'उजेड पडला' नहीं बोलेगा. उजेड पडत नाही. उजेड येतो. पडतं ते माणूस."

मी म्हटलं, "बरं. छप्पर गळतं का?"

"गळतं."

"मग ते आधी बघा."

आमचं तिथूनच जमलं.

त्यांची सगळी विद्या गाड्यांतून आलेली होती. पहिल्या वर्गाच्या डब्यात साहेब लोक वर्तमानपत्रं, मासिकं टाकून जात. ती झाडूवाल्याकडून बत्तीखान्यात येत. बत्तीबाबू ती वाचत, पण तारखेनं नाही, हाती येतील त्या क्रमानं. त्यामुळे पहिली लढाई त्यांच्या मनात दोनदा संपली आणि मध्ये एकदा नव्यानं सुरू झाली. मी एकदा म्हटलं, तारीख बघून लावून ठेवा की. तर म्हणाले, "ताऱ्यांचा उजेड कुठं तारखेनं येतो? कोणाचा शंभर वर्षांपूर्वी निघालेला, कोणाचा हजार. सगळे आज रात्री एकदमच पोचतात. मी तक्रार करतो का?"

अशाच एका कागदात त्यांना ती बातमी मिळाली. लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षी इंग्रज ज्योतिषी समुद्रापार दोन ठिकाणी गेले, खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो काढले आणि ताऱ्यांचा उजेड सूर्याजवळून येताना वाकतो हे सिद्ध केलं. एका जर्मन पंडितानं हे आधीच गणितानं सांगून ठेवलं होतं. बातमी पूर्ण नव्हती. त्या कागदात कोणीतरी भजी बांधली होती, आणि किती वाकतो हा आकडा नेमका तेलाच्या डागाखाली गेला होता.

या डागानं त्यांची झोप उडवली. तीन वर्षं ते प्लॅटफॉर्मवर उतरणाऱ्या प्रत्येक चष्मेवाल्याला अदबीनं सलाम करून विचारत, "साहेब, सूर्याजवळ उजेड किती वाकतो?" एक जण त्यांना पोलिसांच्या हवाली करायला निघाला होता. एक रडला, पण त्याचं कारण वेगळं असणार. शेवटी जबलपूरच्या छोट्या गाडीची वाट बघत बसलेल्या एका प्राध्यापकानं पाकिटाच्या मागं गणित करून दिलं. बत्तीबाबू नाचत घरी आले.

"नर्सबाई, दोन मैलांवर फुलचुरात कोणी हातात सुपारी धरली आणि ती आपण इथून स्टेशनावरून पाहिली, तर जेवढी दिसेल तेवढा!"

"फुलचुरातली सुपारी इथून दिसत नाही."

"तेच तर! एवढा कमी वाकतो. आणि तरी त्या लोकांनी तो पकडला!"

दुसऱ्या दिवशी मला फुलचुराला एका बाळंतिणीकडे जायचं होतं. त्यांनी माझ्या हातात सुपारी दिली. दहाच्या ठोक्याला गावाच्या वेशीशी उभं राहून ती डोक्यावर धरायची, आणि ते सिग्नलच्या शिडीवर चढून बघणार. संध्याकाळी घरी आले तर दारातच उभे.

"दिसली नाही."

"मी धरलीच नव्हती. दहा वाजता मी बाळाला पालथं करून पाठ थोपटत होते."

"मग बरोबर आहे," असं म्हणून आत गेले. पूर्ण समाधानानं. सुपारी मी परत दिली, ती त्यांनी ठेवून दिली.

तो वाकलेला उजेड पकडला कसा, हे मला त्यांनी माझ्याच दवाखान्यात समजावून सांगितलं. काचेच्या दोन तुकड्यांवर भाताची शितं चिकटवून तारे केले. एक काच म्हणजे ग्रहणातला फोटो. सूर्याजवळचे तारे एरवी दिसत नाहीत, सूर्य झाकला की दिसतात. दुसरी काच म्हणजे त्याच ताऱ्यांचा काही महिन्यांनी रात्री काढलेला फोटो, तेव्हा सूर्य तिथं नसतो. दोन्ही काचा एकावर एक ठेवून खिडकीशी धरायच्या. सूर्याशेजारची शितं जरा बाहेर सरकलेली दिसतात, लांबची जागच्या जागी. "तारे हलले नाहीत. उजेड वाकून आला, म्हणून आपल्याला ते हललेले वाटतात. डोळा बिचारा सरळमार्गी आहे, त्याला वाटतं उजेडही सरळच आला." मला ते पटलं. सहज समजलंही. फक्त शितं माझ्या डब्यातली होती, आणि काचा औषधाच्या कपाटाच्या होत्या, त्याबद्दल मी त्यांना दोन शब्द ऐकवले.

एका गोष्टीवर मात्र ते कोणाचंही ऐकत नसत. आरसा. स्टेशनाबाहेरच्या न्हाव्यानं एकदा उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडला आणि म्हणाला, "देखो बाबू, हमने भी मोड़ दिया!" बत्तीबाबू अर्धी दाढी साबणात ठेवून उठले आणि भर रस्त्यात अर्धा तास बोलले. आरशावर उजेड आपटून परत फिरतो. ते आपटणं झालं, वाकणं नाही. वाकणं म्हणजे कोणी हात न लावता, कशावर न आपटता, नुसत्या शेजारच्या वजनानं वाट बदलणं. अर्ध्या दाढीनं ते तसेच कामावर गेले. न्हावी दुसऱ्या दिवशी माफी मागून उरलेली करून गेला.

आता मालगुजाराची गोष्ट सांगायला हवी.

फुलचुराच्या पुढं एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथला मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, मोठा धानवाला, पूर्वज कधी काळी माळव्यातून आलेले, घरात अजून पोवारी बोलत. त्याच्या वाड्यासमोरचा रस्ता सरळ होता, पण त्यावरून सरळ कोणी जात नसे. लोक दार जवळ आलं की कमरेत वाकत, पागोटं काढत आणि वाकलेलेच पुढं जात. मालगुजार दारात असो नसो.

बत्तीबाबूंनी हे एकदा पाहिलं, आणि त्यांना इतकी वर्षं शोधत असलेली उपमा सापडली. चहाच्या टपरीवर ते सांगत सुटले. सूर्य म्हणजे मालगुजार, त्याच्या समोरून जाणारा उजेड म्हणजे रयत. जितका मालगुजार जड, तितकी रयत जास्त वाकणार. आणि पुढं ऐका. कोणा पाद्र्यानं दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की एखादा तारा इतका जड असू शकतो की त्याचा स्वतःचा उजेडसुद्धा त्याच्या दारातून बाहेर पडू शकणार नाही. काळा तारा. तो आपल्याला कधीच दिसणार नाही. मग तो आहे हे कळणार कसं? तर रस्त्यावर बघा! दार बंद आहे, आत दिवा नाही, आवाज नाही, पण समोरून जाणारा प्रत्येक माणूस वाकून जातोय. समजा, मालक घरात आहेत! तसंच मागच्या ताऱ्यांचा उजेड विनाकारण वाकताना दिसला की समजायचं, मध्ये कोणीतरी काळा बसला आहे. आणि तो नेमका रस्त्याच्या मधोमध बसला, तर लोक दोन्ही अंगांनी वाकून जातील, त्याच्याभोवती कडं होईल. तसा मागचा एकुलता एक तारा आपल्याला बांगडीसारखा दिसेल!

टपरीवर मालगुजाराचा दिवाणजी चहा पीत होता. त्यानं चहा तसाच टाकला. दोन दिवसांत निरोप आला की बत्तीबाबूनं गावच्या शिवेत पाऊल टाकायचं नाही. बत्तीबाबू खूष झाले. म्हणाले, "बघा, आता मीही त्याच्या समोरून वाकून जाणार. लांबून."

मी गोंदियात येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. चैत्राची अमावस्या, सूर्यग्रहण. खग्रास नव्हे, थोडं. दहाच्या सुमारास लागायचं, बाराच्या आत सुटायचं. पहाटेच मालगुजाराचा छकडा माझ्या दाराशी आला. सुनेला कळा लागल्या होत्या. बत्तीबाबू ओसरीवर काचेच्या तुकड्यावर काजळी धरत बसले होते, ग्रहण बघायला. त्यांनी मला विचारलं नाही, गाडीवानाला विचारलं नाही, पिशवी घेऊन छकड्यात चढून बसले.

"शिवेच्या अलीकडे मोठा माळ आहे, मला तिथं उतरवा. मोकळं आकाश आहे."

गाडीवान म्हणाला, "मालकानं पाहिलं तं मले जोड्यानं मारन."

"शिवेच्या अलीकडे, बोललो ना. माझी जीभ तिकडे गेली, पाय नाही जाणार."

त्यांना माळावर सोडून मी वाड्यात गेले. सून जेमतेम विशीतली, शांत पोरगी. हे तिसरं बाळंतपण. पहिलं मूल मेलेलंच आलं, दुसरं तिसऱ्या दिवशी गेलं. त्या दुसऱ्या वेळी ग्रहणात तिनं विळीवर वांगं चिरलं होतं, असं सगळ्या गावाला माहीत होतं. वांगं चिरलं की नाही ते मला माहीत नाही. पण तिची सासू, मालकीणबाई, त्या वांग्यानं मनातून पार खचली होती हे मला दारातच दिसलं. त्यांनी खोलीच्या दोन्ही खिडक्यांत पोती ठासून भरली होती, फटींना शेण लावलं होतं. चूल विझवलेली. सपरीत, म्हणजे खोलीबाहेरच्या पडवीत, गावातल्या चार म्हाताऱ्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या, काही चुकतं का बघायला.

मी सुनेला तपासलं. मूल दुपारपर्यंत थांबणार नव्हतं.

मालकीणबाई म्हणाल्या, "ग्रहन लागलं का दिवा लागनार नाही. लोखंड लागनार नाही. सुटल्यावर काय कराचं ते कर."

"मालकीणबाई, ग्रहण पंचांगानं येतं. मूल पंचांग बघत नाही."

"तं थांबव."

"कसं थांबवू? हात लावून?"

"मले नको शिकवू. दोन गेले माहे. तिसरा मी ग्रहनात कापू देनार नाही."

यात रागावण्यासारखं काही नव्हतं. ती बाई तिच्या परीनं नातवंड वाचवत होती, मी माझ्या परीनं. फरक एवढाच होता की अंधारात कातर चालवली तर मी आईला नाही तर मुलाला इजा करणार, आणि कातर न चालवली तर काय होईल ते नाळ कशी आहे त्यावर अवलंबून. मला उजेड हवा होता, आणि कातर वापरायची मुभा. सपरीत आले तेव्हा बाहेरचं ऊन जरा राखाडी झालं होतं. ग्रहण लागलं होतं. उजेडाचा माणूस अर्ध्या मैलावर माळात बसलेला. मी गाडीवानाला म्हटलं, "बत्तीबाबूंना घेऊन ये. मालकांनी विचारलं तर माझं नाव सांग."

मालकांनी विचारलंच. बत्तीबाबू अंगणात आले तेव्हा मालगुजार मधोमध उभा होता. जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, हातात काठी.

"मले काळा तारा म्हननारा तूच ना?"

"जी."

"जड म्हटलं ते ठीक हाये. काळा काऊन म्हटलं?"

बत्तीबाबूंनी काजळीची काच खिशात घातली. मग म्हणाले, "मालक, काळा म्हणजे रंगानं नव्हे. ज्याच्या घरातली गोष्ट बाहेर जात नाही, असा."

मालगुजारानं काठी खाली टेकवली. "हं. तेवढं खरं हाये. आता कायले आला?"

मी मध्ये पडले. काय हवं ते तीन वाक्यांत सांगितलं. बत्तीबाबूंनी सपरीतल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, खोलीच्या दाराकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा ओळखत होते. आता ते काहीतरी वाईट करणार होते.

"मालकीणबाई," ते मोठ्यानं म्हणाले, "दिवा लावायचा नाही, कबूल. ग्रहणाचं ऊन आत येऊ द्यायचं नाही, कबूल. पण ग्रहणाची बाधा सूर्यापासून सरळ येते. तिला वळता येत नाही. मी तुम्हाला वाकडा उजेड आणून देतो. वळून आलेल्या उजेडात ग्रहण राहत नाही, वळणावरच गळून पडतं. विलायतेत मोठमोठ्या पंडितांनी ग्रहणातच सिद्ध केलंय, कागदात छापून आलंय."

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. एक म्हणाली, "वाकडा उजेड? असा असते का?"

"असते," मालगुजार म्हणाला. त्याला स्वतःबद्दलच्या बातमीतून तेवढं कळलं होतं.

दिवाणखान्यातला पुरुषभर उंचीचा आरसा चार गड्यांनी अंगणात आणला. बत्तीबाबूंनी तो तिरका केला, तशी उन्हाची लांब पट्टी सपरीत शिरली. तिथून ती खोलीच्या दारात वळवायला दुसरा आरसा हवा. मालगुजाराचा दाढीचा मोठा आरसा आला. तो धरायचा कोणी? गडी आरसा हलवत होते, नोकरांना हसू आवरत नव्हतं. शेवटी मालगुजार स्वतः पुढं झाला. सून त्याची, नातवंड त्याचं.

"मालक, जरा वाका," बत्तीबाबू म्हणाले.

मालगुजार वाकला.

"अजून. बस्स. असेच राहा."

आणि गावातला सगळ्यात जड माणूस कमरेत वाकून, दोन्ही हातांत दाढीचा आरसा धरून, पाऊण तास तसाच उभा राहिला. मला ते बघायला वेळ नव्हता. मी आत होते. दाराला पोत्याचा पडदा होता, वरची वीतभर जागा मोकळी. तिथून उजेड येऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पसरला आणि सगळी खोली दिसायला लागली. मी सुनेला म्हटलं, आता लाव जोर.

डोकं आलं. नाळ मानेला दोन वेढे घेऊन आवळलेली. सैल होईना. मी दोन जागी चिमटे लावले, मधे कापायला कातर उचलली, आणि मालकीणबाईंनी माझं मनगट धरलं.

"भिंतीवर पाय."

म्हणजे बघ. मी पाहिलं. दाराच्या पोत्याला बारीक बारीक भोकं होती. प्रत्येक भोकातून आत आलेल्या किरणानं भिंतीवर एकेक छोटा सूर्य काढला होता. इंचाइंचाचे तीस-चाळीस सूर्य, आणि प्रत्येकाचा एका बाजूनं लचका तोडलेला. आम्ही ग्रहण टाळायला आरसे लावले होते, आणि खोलीत चाळीस ग्रहणं आणून ठेवली होती.

मी ओरडले, "बत्तीबाबू! भिंतीवर ग्रहण दिसतंय!"

बाहेरून आवाज आला, "मालकीणबाई, कोणत्या अंगानं खाल्लंय?"

मालकीणबाईंचा हात माझ्या मनगटावर घट्ट. "डाव्या."

"नक्की डाव्या?"

"मले डावं-उजवं कळते, बाबू!"

"आकाशात उजव्या अंगानं लागलंय. मी काचेतून बघितलंय. भिंतीवर उलटं आहे. लागलेलं ग्रहण उलटं झालं म्हणजे काय झालं?"

सपरीतल्या म्हाताऱ्यांपैकी एकीनं मोठ्यानं उत्तर दिलं, "सुटलं!"

"सुटलं!" दुसरीनं म्हटलं.

मालकीणबाईंनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग हात सोडला. "चालव."

मी कातर चालवली. वेढे सोडवले, मूल बाहेर काढलं. मुलगी. निळी पडली होती. तोंड साफ केलं, पालथं धरून पाठ चोळली, पायाला टिचक्या मारल्या. खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं, ती पण नाही. मग तिनं घेतला आणि एवढ्या जोरात रडली की बाहेर आरसा हलला आणि चाळीसही सूर्य भिंतीवर नाचले.

हात धुताना मालकीणबाई माझ्या हातावर पाणी घालत होत्या. चेहरा तसाच, कोरडा. हळूच म्हणाल्या, "बत्तीबाबूले सांग. आरशात उलटं दिसते हे मले माहीत हाये. रोज कुंकू लावते मी. पन सपरीतल्या त्या चौघीले सांगाले कायतरी पायजे होतं. तं त्यानं देलं."

छकड्यातून परत येताना फुलचूर मागं पडलं तेव्हा बत्तीबाबू म्हणाले, "नर्सबाई, आरशानं उजेड वाकत नाही."

"माहीत आहे."

"आपटून फिरतो."

"माहीत आहे. न्हाव्याला तुम्हीच सांगितलंत."

"उद्यापासून सगळा मुलूख म्हणणार की आरशानं वाकतो, बत्तीबाबूनं दाखवला. दस साल की मेहनत! आणि मला ग्रहण धड बघायलाही नाही मिळालं. पूर्ण वेळ त्याच्याकडे पाठ करून आरसा धरला."

"मुलगी जगली."

"तो ठीक है." मग जरा वेळानं, "भिंतीवर कसे दिसत होते हो ते? चाळीस होते म्हणता? स्पष्ट? कडा स्पष्ट होत्या का?"

मी सांगितलं, स्पष्ट होत्या. त्यांनी तीनदा परत विचारलं. स्टेशन येईपर्यंत मी सूर्यांचं वर्णन करत होते, आणि ते डोळे मिटून ऐकत होते.

पुढं त्यांचं व्हायचं तेच झालं. ज्या लग्नघरी, बारशाला, पंगतीत जात, तिथं कोणीतरी आरसा आणून पुढं ठेवायचं आणि म्हणायचं, "बाबू, उजेड वाकवा." आणि ते पानावरून उठून खुलासा करायला लागायचे. भात थंड व्हायचा. वारले, त्यालाही आता सहा वर्षं झाली.

त्या बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी छकड्याची वाट बघितली नाही. चालतच गेले. आईला ताप नव्हता. मुलीचं बेंबीचं टोक कोरडं होतं, दूध ओढत होती. खोलीत मात्र कालचाच कोंदट वास. मी खिडकीवरचं शेण खरवडलं आणि ठासलेलं पहिलं पोतं ओढायला लागले. ते निघेना. मालकीणबाई दारात उभ्या होत्या, मला वाटलं आता अडवतात. त्या आल्या, पदर खोचला आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून दोन्ही खिडक्या मोकळ्या केल्या, पोती अंगणात झटकली आणि कुंपणावर वाळत घातली.